गुगलवर आपली जाहिरात दिसत नाही? मुंबईतल्या धंदेवाल्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

आम्ही दादरला बसतो. केटरर, क्लासेस, वॉटरप्रूफिंगवाले, दवाखाने अशा लहान धंद्यांच्या गुगल सर्च जाहिराती सांभाळतो. दिवसाला निदान दोन-तीन तरी मेसेज एकाच वाक्याने सुरू होतात: "अहो, जाहिरात दिसत नाहीये." तेच तेच उत्तर टाईप करून बोटं दुखली, म्हणून हे पान. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय. गुगल ॲड्सचा पडदा बहुतेक जण इंग्रजीतच वापरतात, म्हणून बटणांची आणि स्टेटसची नावं तिथे दिसतात तशीच दिली आहेत.

१. पैसे भरले, जाहिरात चालू केली, पण मी गुगलवर शोधतो तेव्हा दिसतच नाही. बंद पडली का?

आधी एक ठरवा. "मला दिसत नाही" आणि "कोणालाच दिसत नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. त्यासाठी मोबाइलवर शोधायची गरज नाही. गुगल ॲड्समध्ये कॅम्पेन (एका बजेटखाली चालणारा जाहिरातींचा संच) उघडा, वर तारीख "आज" किंवा "काल" ठेवा आणि इम्प्रेशन्सचा, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली त्याचा, रकाना बघा. तिथे आकडा असेल तर जाहिरात लोकांना दिसते आहे, तुम्हाला दिसत नाही इतकंच. मग प्रश्न २ आणि ३ वाचा. आकडा शून्य असेल तर प्रश्न ५ पासून पुढे चला. आकडा आहे पण अगदीच तुटपुंजा, तर बहुधा प्रश्न ८, ९ किंवा ११ मध्ये तुमचं दुखणं सापडेल.

२. इम्प्रेशन्स आहेत, मग मलाच का दिसत नाही?

कारण प्रत्येक शोधाला जाहिरातीच्या जागांसाठी नवा लिलाव होतो. कोण शोधतंय, कुठून, किती वाजता, कोणत्या फोनवरून, यावर कोणाची जाहिरात लागणार हे त्या क्षणी ठरतं. वर्तमानपत्रातली जाहिरात छापली की सगळ्या प्रतींत सारखी असते. इथे तसं नाही.

दुसरं कारण लोकांना पटत नाही, पण खरं आहे. गिरगावातल्या एका केटररकाकांचा फोन आला होता: "मी सकाळपासून वीस वेळा टाकून बघितलं. पहिल्या चार वेळा दिसली, मग गायब." त्यांनी वीस वेळा शोधलं आणि आपल्याच जाहिरातीवर एकदाही क्लिक केलं नाही. पैसे जातील ना! गुगलने यातून काढलेला अर्थ असा की या माणसाला ही जाहिरात नको आहे. शिवाय या फुकट इम्प्रेशन्समुळे तुमचा क्लिकचा दर खाली येतो, तो तोटा वेगळाच.

आणखी काही शक्यता पटापट तपासा. ब्राउझरला ॲडब्लॉकर आहे का? "माय ॲड सेंटर"मध्ये जाऊन तुम्हीच कधी स्वतःची जाहिरात ब्लॉक केली आहे का? ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, कॅम्पेनच्या "आयपी एक्सक्लूजन्स"मध्ये (जिथे जाहिरात दाखवायची नाही त्या पत्त्यांची यादी) टाकलाय का? एका कॅम्पेनमध्ये असे ५०० पत्ते टाकता येतात, आणि "आमच्या पोरांनी क्लिक करू नये" म्हणून ऑफिसचा वायफाय त्यात टाकलेला असतो. सहा महिन्यांनी ते कोणाच्याच लक्षात नसतं.

३. मग न शोधता खात्री कशी करायची?

टूल्समध्ये "ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस" आहे. तिथे कीवर्ड (ज्या शोधशब्दावर जाहिरात लावली आहे तो) टाका, ठिकाण, भाषा आणि उपकरण निवडा. पान गुगलसारखंच दिसतं, पण इम्प्रेशन मोजलं जात नाही. जाहिरात लागत नसेल तर का लागत नाही तेही तिथेच लिहून येतं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. घरात बसून वांद्र्याच्या ग्राहकाला काय दिसतं ते कळतं.

दुसरी सोय म्हणजे "ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर". २०२३ मध्ये सुरू झालं, कोणालाही उघडता येतं. तिथे जाहिरातदाराचं नाव किंवा वेबसाइट टाकली की गुगलवर दाखवलेल्या त्याच्या जाहिराती दिसतात. समोरच्या दुकानाच्याही. लोक बहुतेक त्यासाठीच उघडतात.

४. नकाशात माझं दुकान फोटोसकट दिसतं. ती जाहिरात नाही का?

नाही. ती गुगल बिझनेस प्रोफाइलची फुकटची नोंद आहे. जाहिरातीवर "स्पॉन्सर्ड" असं लिहिलेलं असतं. पूर्वी तिथे नुसतं "ॲड" असायचं, मोबाइलवर ऑक्टोबर २०२२ पासून ते बदललं. नकाशात दुकान दिसतं म्हणजे जाहिरात चालू आहे असं समजू नका, आणि जाहिरात बंद केली म्हणून नकाशातली नोंदही जात नाही.

५. कालच जाहिरात बनवली. किती थांबायचं?

तपासणी बहुतेक वेळा कामाच्या एका दिवसात होते. स्टेटसमध्ये "अंडर रिव्ह्यू" असेपर्यंत हात लावू नका. शनिवारी रात्री टाकून रविवारी घाबरलेले बरेच जण आमच्या ओळखीचे आहेत. मजकुरात एक शब्द बदललात तरी नव्या मजकुराची तपासणी नव्याने सुरू होते. रोज थोडं थोडं "सुधारत" बसणाऱ्यांची जाहिरात रोज रांगेत शेवटी जाऊन उभी राहते.

६. स्टेटस "एलिजिबल" आहे, तरी इम्प्रेशन शून्य. हे कसं काय?

लोकलचा पास काढला म्हणजे बसायला जागा मिळाली असं होत नाही. "एलिजिबल" म्हणजे लिलावात उतरायची परवानगी, तिथे जिंकणं वेगळं.

पण त्याआधी साखळी तपासा. खातं, कॅम्पेन, ॲड ग्रुप (कॅम्पेनमधला कीवर्ड आणि जाहिरातींचा गट), कीवर्ड, जाहिरात: या पाचांपैकी एक जरी पॉझ असेल तरी सगळं थांबतं. सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे कॅम्पेन चालू आणि आतला ॲड ग्रुप पॉझ. दुसरी म्हणजे कॅम्पेनची शेवटची तारीख. गणपतीसाठी केलेलं कॅम्पेन नवरात्रात पुन्हा चालू करतात, एंड डेट मात्र अनंत चतुर्दशीचीच राहिलेली असते. तिसरी म्हणजे मोबाइलसाठीचं बिड ॲडजस्टमेंट (बिड म्हणजे लिलावातली तुमची बोली) उणे १०० टक्के. कोणीतरी कधीतरी "कॉम्प्युटरवरचे ग्राहक चांगले" म्हणून ते केलेलं असतं. मुंबईत लोक लोकलमध्ये उभ्याउभ्या शोधतात, त्यामुळे मोबाइल बंद केला की धंद्याचं शटर अर्धं खाली आलंच.

७. दहा हजार भरले होते, हिशेबाने अजून पैसे उरायला हवेत. "बॅलन्स संपला" म्हणून जाहिरात कशी थांबली?

तुम्ही दहा हजार भरले, पण जाहिरातीला दहा हजार मिळाले नाहीत. आगाऊ पैसे भरायच्या पद्धतीत १८ टक्के जीएसटी त्याच रकमेतून वजा होतो. ₹१०,००० भरले की खात्यात ₹८,४७४.५८ जमा होतात आणि ₹१,५२५.४२ कर जातो. जीएसटी नंबर खात्यात टाकलेला असेल तर इन्व्हॉइसवर तो येतो, मग इनपुट क्रेडिटचं तुमच्या सीएशी बोला.

कार्डावरून आपोआप पैसे कापायची पद्धत असेल तर भानगड वेगळी. रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचा, नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. ठरावीक रकमेवरच्या आवर्ती व्यवहाराला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. ही मर्यादा आधी ₹५,००० होती, २०२२ मध्ये ती ₹१५,००० झाली. ओटीपीचा मेसेज पाहिला नाही, व्यवहार फसला, जाहिरात थांबली, हा क्रम आम्ही पुष्कळदा पाहिलाय. म्हणून लहान धंद्यांना आम्ही यूपीआयने आगाऊ भरायला सांगतो. बँकेतून ट्रान्सफर केलीत तर जमा व्हायला वेळ लागू शकतो, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी बॅलन्स तळाला जाऊ देऊ नका.

८. रोजचं बजेट ५०० आहे. सकाळी जाहिरात दिसते, दुपारनंतर गायब.

बजेट संपतंय. एका क्लिकला ₹८० पडत असतील तर सहा क्लिकांत दिवस आटोपला. "सर्च लॉस्ट इम्प्रेशन शेअर, बजेट" हा रकाना चालू करा. पैशांअभावी किती टक्के संधी हुकल्या ते तिथे कळतं.

इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. रोजचं बजेट ही सरासरी आहे. एखाद्या दिवशी गुगल दुप्पट, म्हणजे ₹१,०००सुद्धा खर्च करू शकतं. मात्र महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपेक्षा जास्त आकारणी होत नाही, म्हणजे इथे ₹१५,२००. त्यामुळे एका दिवशी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी कमी दिसली तर लगेच बिघाड समजू नका.

बजेट वाढवणं हा एकच उपाय नाही. आधी परिसर आणि वेळ आवळा. पाचशे रुपयांत चर्चगेट ते विरार झाकायला जाल तर नुसत्या फटी राहतात.

९. बजेट शिल्लक आहे, बिडही बरी आहे, तरी शेजारच्याची वर आणि माझी पत्ताच नाही.

ही बाजू "ॲड रँक"ची. त्यात तुमची बिड असते, जाहिरातीची आणि लँडिंग पेजची (क्लिक केल्यावर उघडणारं पान) गुणवत्ता असते, शोधणाऱ्याचा संदर्भ असतो, फोन नंबर, पत्ता, साइटलिंक (जाहिरातीखालच्या जादा लिंक) अशा जोडण्यांचा परिणाम असतो. शिवाय किमान पात्रतेची एक रेषा असते. त्या रेषेखाली राहिलात तर जागा रिकामी असली तरी जाहिरात लागत नाही. "समोर कोणीच नाही तरी मी का नाही?" याचं उत्तर हेच.

जागाही मोजक्याच आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेस्कटॉपवरच्या उजव्या बाजूच्या जाहिराती गेल्या. आता वर जास्तीत जास्त चार, आणि काही खाली.

कीवर्डच्या यादीत क्वालिटी स्कोअरचा रकाना लावा. १ ते १० मधला हा आकडा लिलावात थेट वापरला जात नाही, दुखणं कुठे आहे ते दाखवणारा थर्मामीटर आहे. त्याखाली तीन घटक दिसतात: क्लिकचा अपेक्षित दर, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि लँडिंग पेजचा अनुभव. "बिलो ॲव्हरेज" जिथे लिहिलंय तिथे काम करा. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वॉटरप्रूफिंगवाले येतात. "टेरेस गळती" असं शोधणाऱ्याला ते कंपनीच्या होमपेजवर नेतात, तिथे पेंटिंग, टायलिंग, फॅब्रिकेशन सगळं एकत्र मांडलेलं. टेरेसचं वेगळं पान केलं आणि हेडलाइनमध्ये "टेरेस" आलं की त्याच बिडमध्ये जाहिरात वर सरकलेली आम्ही पाहिली आहे. दर वेळी होतंच असं नाही. मेअखेरीला सगळेच बिड वाढवतात, तेव्हा पैशापुढे शहाणपण थोडं कमी चालतं.

१०. "टार्गेट सीपीए" लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून शुकशुकाट.

टार्गेट सीपीए म्हणजे एका चौकशीमागे सरासरी किती खर्च हवा ते. तुम्ही गुगलला सांगितलंत की एका चौकशीला सरासरी ₹१०० च द्यायचे. आजवर तुमची चौकशी ₹४०० ला पडत होती. मग या भावात जिंकता येईल असा लिलाव त्याला सापडेना, म्हणून तो बोलीच लावेना. आधीच्या महिन्याची खरी सरासरी बघा, टार्गेट तिच्या आसपास ठेवा आणि हळूहळू खाली आणा. कन्व्हर्जन (जाहिरातीतून आलेली चौकशी किंवा ऑर्डर) मोजायचा कोड वेबसाइट बदलताना उडाला असेल तरी हाच परिणाम होतो, तेव्हा तोही बघा. "लर्निंग" असं दिसत असेल तर काही दिवस वाट पाहा.

११. कीवर्डसमोर "लो सर्च व्हॉल्यूम" येतं. शब्द तर बरोबर आहे!

शब्द बरोबर असतो, पण तसं कोणी शोधत नाही. तो कीवर्ड झोपलेला राहतो आणि शोध वाढले की आपोआप जागा होतो. काढून पुन्हा टाकून काही होत नाही.

मराठी धंद्यांचं हे खास दुखणं आहे, म्हणून थोडं सविस्तर. आपण कीवर्ड लिहितो "डोंबिवली पूर्वेला घरपोच उकडीचे मोदक". ग्राहक शोधतो नुसतं "मोदक ऑर्डर", तेही रोमन लिपीत. उकडीचे, उकडिचे, रोमनमध्ये एक "डी" की दोन, जोडून की तोडून, प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. यावर उपाय म्हणजे लांबलचक कीवर्ड सोडा, दोन-तीन शब्दांवर या, जागा लोकेशनच्या सेटिंगमधून सांभाळा. देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं टाका. "सर्च टर्म्स" अहवाल उघडून लोक खरोखर काय लिहितात ते वाचा. तासभर जातो, पण मजा येते. एका साडीवाल्या ताईंना तिथे कळलं की त्या जिला "नारायण पेठ" म्हणून विकत होत्या, तिला निम्मी गिऱ्हाइकं रोमनमध्ये "नारायणपेठी" म्हणून शोधत होती.

१२. जाहिरात मराठीत आहे, म्हणून भाषाही फक्त मराठी निवडली. बरोबर ना?

अडचण तिथेच आहे. गुगल ॲड्समध्ये मराठी भाषा निवडता येते, पण मुंबईत घरी मराठी बोलणाऱ्या बहुतेकांचा फोन इंग्रजीत असतो आणि शोधही इंग्रजी अक्षरांत. फक्त मराठी ठेवलंत तर तुमच्यासमोरचाच माणूस तुम्ही वगळताय. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही निवडा. जाहिरात कोणत्या भाषेत लिहायची हा निर्णय वेगळा. गुगल तुमच्या जाहिरातीचं भाषांतर करून देत नाही.

१३. निगेटिव्ह कीवर्डमुळे आपलीच जाहिरात बंद पडू शकते का?

पडते, आणि सहजासहजी सापडत नाही. निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे "हा शब्द शोधात असेल तर जाहिरात दाखवू नका" असे शब्द.

एका क्लासच्या दोन शाखा, दादर आणि ठाणे. दादरच्या कॅम्पेनला निगेटिव्ह यादी होती: "फुकट", "पीडीएफ", "नोकरी", "ठाणे". ठाण्याची चौकशी दादरला येऊ नये म्हणून. पुढे सरांच्या भाच्याने ठाण्याचं कॅम्पेन काढलं आणि तीच तयार यादी तिथे जोडली. ठाण्याच्या प्रत्येक कीवर्डमध्ये "ठाणे" होतंच. तीन आठवडे इम्प्रेशन शून्य. स्टेटस सगळीकडे हिरवं, बजेट भरलेलं, बिड तीनदा वाढवून झालेली. आमच्याकडे आले तेव्हा सर म्हणाले, "ठाण्यात कोणी शिकतच नाही वाटतं." शेअर्ड लायब्ररी (अशा सामायिक याद्यांची जागा) उघडली, यादीतल्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि भाचा फॅनकडे बघायला लागला.

नियम लक्षात ठेवा. निगेटिव्ह ब्रॉड मॅचमध्ये (सैल जुळणीचा प्रकार) सगळे शब्द शोधात असतील, कोणत्याही क्रमाने, तर जाहिरात अडते. समानार्थी शब्द, एकवचन-अनेकवचन आपोआप धरलं जात नाही. म्हणून "फुकट" टाकलं तर "मोफत" सुटतं. "क्लास", "घर", "सर्व्हिस" असे एकेकटे मोठे शब्द निगेटिव्हमध्ये टाकताना दोनदा विचार करा. रेकमेंडेशन्सच्या पानावर परस्परविरोधी निगेटिव्ह काढायची सूचना कधीकधी येते. त्या पानावरच्या बाकीच्या बऱ्याच सूचना खर्च वाढवायच्या असतात, पण ही कामाची.

१४. वरळीला दुकान. पाच किलोमीटरचं वर्तुळ टाकलं, तरी माणसंच मिळत नाहीत.

नकाशा उघडून वर्तुळाकडे बघा. बरंचसं अरबी समुद्रात आहे. तिथे शोधणारा कोणी नाही. वरळी, मलबार हिल, वर्सोवा अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी वर्तुळापेक्षा पिनकोड किंवा विभागांची नावं निवडा. तसंच नुसतं "मुंबई" निवडलं की ठाणे, डोंबिवली, वसई, नवी मुंबई येतातच असं धरून चालू नका. निवडल्यावर नकाशावर जी हद्द रंगते तीच खरी.

मोबाइल नेटवर्कचा आयपी कधीकधी भलत्याच शहराचा दिसतो, त्यामुळे एक किलोमीटरचं, म्हणजे सगळ्यात लहान वर्तुळ टाकलं तर दुकानाच्या दारात उभा असलेला ग्राहकही निसटू शकतो.

शिवाय लोकेशन ऑप्शन्समध्ये दोन पर्याय असतात. एक, त्या जागी असलेले किंवा नेहमी असणारे लोक. दोन, ते आणि त्या जागेत रस दाखवणारे. प्लंबरला पहिला बरा. लग्नाच्या हॉलला दुसरा लागतो, कारण दादरचा हॉल पुण्यात बसलेली मावशी शोधत असते. पहिल्यावर ठेवलात तर तिला तुमचा हॉल दिसणारच नाही.

१५. रात्री जाहिरात दिसत नाही.

"ॲड शेड्यूल" बघा. वेळ खात्याच्या टाइमझोनप्रमाणे चालते. परदेशातल्या भावाने खातं काढून दिलं असेल तर तुमची सकाळची दहा म्हणजे तिथली मध्यरात्र असू शकते. शेड्यूल बरोबर असेल तर प्रश्न ८.

१६. "डिसअप्रूव्ह्ड" आलं. जाहिरातीत तर काहीच वावगं नाही.

स्टेटसवर कर्सर न्या, कारण लिहिलेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्यांत पहिला नंबर हेडलाइनमध्ये मोबाइल नंबर लिहिणाऱ्यांचा. फ्लेक्सवर चालतं, इथे चालत नाही. नंबर "कॉल ॲसेट"मध्ये टाका. मग येतात "बेस्ट!!!!", तारे, बाण, आणि उगाच सगळी मोठी इंग्रजी अक्षरं. दुरुस्त करून सेव्ह केलं की पुन्हा तपासणी होते. चूक नाहीच असं वाटत असेल तर "पॉलिसी मॅनेजर"मधून अपील करा. न बदलता तीच जाहिरात पुन्हा पुन्हा नव्याने टाकत बसू नका, त्याचा शेवट प्रश्न २० मध्ये होतो.

१७. "डेस्टिनेशन नॉट वर्किंग" म्हणतात, माझ्या फोनवर साइट मस्त उघडते!

तुमच्या फोनवर उघडते, गुगलच्या तपासनिसाला उघडत नाही. तो म्हणजे "ॲड्सबॉट-गुगल" नावाचा प्रोग्राम. बऱ्याचदा होस्टिंगवाला किंवा सुरक्षेचं प्लगइन परदेशातली सगळी ये-जा बंद करून टाकतं. "आपले ग्राहक मुंबईतलेच, बाहेरचे हवेत कशाला?" हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण बॉट भारताबाहेरून येतो आणि बंद दारावर डोकं आपटून परत जातो. वेबसाइटवाल्याला नेमकं हेच सांगा: ॲड्सबॉटला वाट मोकळी करून दे.

साइटच्या रोबोट्स फाइलमध्ये (कोणत्या बॉटने कुठे जायचं ते सांगणारी फाइल) "सगळ्या बॉटना मनाई" असा सरसकट तारांकित नियम असेल तर ॲड्सबॉट तो मानत नाही. त्याचं नाव घेऊन मनाई केली असेल तरच अडतो. म्हणून फाइलमध्ये त्याचं नाव शोधा.

"कॉम्प्रमाइज्ड साइट" आलं असेल तर साइट खरंच हॅक झालेली असू शकते. सर्च कन्सोल (साइटच्या मालकांसाठीचं गुगलचं फुकट साधन) बघा, साफ करून घ्या, मग अपील.

१८. माझा धंदा कायदेशीर आहे, तरी जाहिरात अडते. काही व्यवसायांना बंदी असते का?

सरसकट नाही, पण काही ठिकाणी जपून.

सोनोग्राफी सेंटर असेल तर गर्भलिंगाशी दुरूनही संबंध येईल असा शब्द जाहिरातीत किंवा कीवर्डमध्ये नको. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्च कंपन्यांनी असे शब्द आपोआप अडवायचं मान्य केलं.

"मधुमेह मुळापासून बरा" असं लिहिणाऱ्या वैद्यांनी १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आठवावा. गुगलने सोडलं तरी कायदा सोडत नाही.

कर्ज, शेअर, गुंतवणूक यांसाठी भारतात वेगळी वित्तीय पडताळणी लागते. संपूर्ण परतफेड ६० दिवसांत किंवा त्याआधी मागणाऱ्या कर्जांची जाहिरात चालतच नाही. कॉम्प्युटर-मोबाइलचं तिऱ्हाइताने दिलेलं टेक सपोर्ट हाही गुगलवर बंद असलेला प्रकार.

वकिलांचं उलटं आहे. गुगल कदाचित मंजूर करेल, पण बार काउन्सिलचा नियम ३६ जाहिरातबाजीला मनाई करतो. आम्ही वकिलांची कामं घेत नाही. नव्या इमारतीची जाहिरात असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. नसेल तर जाहिरात छान दिसेल, आणि मग महारेराची नोटीसही.

१९. मी एसी दुरुस्त करतो. कंपनीचं नाव लिहिलं की जाहिरात अडकते.

ट्रेडमार्कच्या मालकाने गुगलकडे तक्रार नोंदवली असेल तर जाहिरातीच्या मजकुरात ते नाव वापरायला मर्यादा येते. कीवर्ड म्हणून मात्र ते नाव वापरता येतं. म्हणजे कीवर्डमध्ये ब्रँड ठेवा आणि मजकुरात "सर्व कंपन्यांचे एसी" लिहा. आणि आपण अधिकृत सेंटर नसू तर तसं भासवू नका. त्या फसवणुकीला गुगल खातंच बंद करतं.

२०. व्हेरिफिकेशनचा ईमेल आला होता, दुर्लक्ष केलं. आता सगळंच थांबलंय. दुसऱ्या ईमेलवरून नवं खातं काढू का?

नको! खातं सस्पेंड असताना नवं खातं काढणं हाच वेगळा गुन्हा धरला जातो आणि नवंही जातं.

आधी बघा, नुसतं पॉझ आहे की सस्पेंड. जाहिरातदाराची पडताळणी मुदतीत न झाल्याने थांबलं असेल तर कागद देऊन सुटतं. अडकतं ते नावात. पॅनवर मालकाचं नाव, जीएसटीवर दुकानाचं, खात्यात बायकोचं, पैसे भरणाऱ्या प्रोफाइलमध्ये भागीदाराचं. ज्या नावाचा कागद देणार तेच नाव पेमेंट प्रोफाइलमध्ये अक्षर न् अक्षर तसंच हवं. फोटो सरळ काढा, चारही कोपरे दिसू द्या.

सस्पेन्शन असेल तर कारण वाचा, ते दूर करा आणि मगच एकदाच, शांतपणे अपील लिहा. रागाने दिवसातून पाच अपिलं केल्याने फाइल लवकर हलत नाही.

२१. "परफॉर्मन्स मॅक्स" सुरू केल्यापासून जुन्या सर्च कॅम्पेनची इम्प्रेशन्स पडली.

परफॉर्मन्स मॅक्स हे सर्च, यूट्यूब, नकाशा अशा गुगलच्या सगळ्या जागांवर आपोआप चालणारं कॅम्पेन. एका शोधाला तुमच्या खात्यातली दोन कॅम्पेन पात्र असतील तर सहसा एकच पुढे जातं. शोध तुमच्या सर्चमधल्या एक्झॅक्ट कीवर्डशी (अगदी नेमक्या जुळणीचा प्रकार) तंतोतंत जुळला तर सर्चला प्राधान्य, नाहीतर ॲड रँक ठरवते. म्हणून महत्त्वाचे दहा-पंधरा शब्द एक्झॅक्टमध्ये ठेवा. ते कॅम्पेन बजेटने थांबलेलं असेल तर मात्र प्राधान्य असूनही उपयोग नाही, ते प्रश्न ८ मध्ये आलंय.

२२. ऑडियन्स लावल्यावर जाहिरात जवळपास बंद झाली.

ऑडियन्स म्हणजे ठरावीक लोकांची यादी, उदाहरणार्थ साइटवर येऊन गेलेले. ती "टार्गेटिंग"वर आहे, "ऑब्झर्वेशन"वर (फक्त निरीक्षण) करा. टार्गेटिंगमध्ये त्या यादीतल्यांनाच जाहिरात दिसते, आणि यादी लहान असली तर ती चालतच नाही.

२३. कोणी काही बदललं नाही, आणि तरी मंगळवारपासून अचानक बंद.

"चेंज हिस्टरी" उघडा. दोन वर्षांपर्यंतचे बदल तिथे असतात: कोणी, कधी, काय. "कोणी काही बदललं नाही" असं सांगणाऱ्यांच्या खात्यात आम्हाला बहुतेक वेळा एक नाव सापडतं. सोडून गेलेला मुलगा, ज्याचा ॲक्सेस अजून चालू आहे. किंवा "ऑटो-अप्लाय", म्हणजे तुम्हीच कधीतरी टिक केलेल्या सूचना गुगल आपोआप लावतंय. दोन्ही बंद करा, आधी ॲक्सेस.

हिस्टरी खरंच कोरी असेल तर खात्याबाहेर बघा. डोमेनची मुदत संपली का? स्पर्धकाने बिड वाढवली का? "ऑक्शन इनसाइट्स"मध्ये (त्याच लिलावात उतरणाऱ्या इतरांचा अहवाल) नवं नाव दिसतं का? आणि शोधच आटलेत का, हेही. दिवाळीच्या चार दिवसांत स्पोकन इंग्लिशचा क्लास कोणी शोधत नाही. मागच्या सप्टेंबरात एक वॉटरप्रूफिंगवाले दादा काळजीने आले होते, इम्प्रेशन्स रोज कमी कमी होत होती. खिडकीबाहेर दोन आठवड्यांनी पहिल्यांदा कडक ऊन पडलं होतं.